शिट्टी होईस्तोवर

बाईंनी मला वरची खोली दिली ती एका अटीवर. भाड्याच्या खोल्यांच्या अटी मला तोंडपाठ होत्या. मित्र आणायचे नाहीत, अंडी शिजवायची नाहीत, पाणी जपून वापरायचं. बाईंनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "बुधवारी सांजच्याला खाली यायचं. पेन आणायचं. कागद मी देते."

"कशाला?"

"लिवायला. पेन काय कान कोरायला आणत्यात?"

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. जन्म कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा, नोकरी सोलापुरात, मराठीच्या शिक्षिका म्हणून रिटायर झालेल्या. शहराच्या जुळे सोलापूर भागात त्यांचं खाली दोन खोल्यांचं आणि वर एका खोलीचं घर होतं. गल्लीतले सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. दूधवालासुद्धा 'बाई, दूध' असं वर्गात हजेरी दिल्यासारखं ओरडायचा. वर्गात त्या म्हणे अगदी छापील मराठी बोलायच्या. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा मात्र त्या बोलायच्या ती मैंदर्गीची मराठी, आणि चिडल्या की थेट कन्नड. "शुद्ध भाषा शाळेत जमा करून आले," असं त्या सांगायच्या. "घरात कशाला तिचं ओझं?"

भाडेकरूंची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. राहत नसत की ठेवायची नव्हती, कोण जाणे. त्या गावाच्या नावानेच हाक मारायच्या. माझ्या आधी वरती करमाळा राहायचा. "करमाळा लई झोपायचा. त्याच्या आधीचं बार्शी बरं हुतं, पण त्याला गाण्याचा नाद." मी मोडनिंबचा, म्हणून मी मोडनिंब झालो. "ए मोडनिंब, टाकी भरून वाहतीया!" अशी हाक आली की शेजारचे लोक आधी आमच्या टाकीकडे आणि मग माझ्याकडे बघायचे.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत उपसंपादक होतो. संपादकांनी माझ्या गळ्यात एक साप्ताहिक सदर मारलं होतं. विषय, रोजचं जगणं. पहिल्या लेखात मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपवली, दुसऱ्यात उन्हाळा. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे लिहायला काहीही उरलं नव्हतं. खोलीत राहायला येऊन मला दोनच दिवस झाले होते, पहिला बुधवार अजून यायचा होता, आणि मी गच्चीवर उभा राहून पाण्याच्या टाकीकडे बघत होतो. बाई वाळत घातलेल्या शेंगा उलथायला वर आल्या.

"काय करतुयास?"

"विचार करतोय. लेखाला काही सुचत नाही."

"टाकीत घावंल का?" त्यांनी टाकीकडे बघितलं. "चल खाली. डाळ लावलीया. तीन शिट्ट्या हुईस्तोवर लिव."

"पण कशावर लिहू?"

"कागदावर."

मी खाली जाऊन बसलो. समोर पाठकोरे कागद, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका. पुढच्या बाजूला 'रिकाम्या जागा भरा' छापलेलं आणि मागच्या बाजूला माझ्यासाठी सगळीच रिकामी जागा. मी पेन हातात धरून छताकडे बघितलं, आणि मला ती गर्जना पहिल्यांदा ऐकू आली. "सुम्न कुंद्रु!"

म्हणजे गप बस; कन्नडमध्ये सुम्न म्हणजे गप आणि कुंद्रु म्हणजे बस. बाईंच्या तोंडात हे दोन शब्द दिवसातून कितीदा यायचे याला गणती नव्हती. मुलांना, कुत्र्यांना, टीव्हीवरच्या पुढाऱ्यांना, उतू जाणाऱ्या दुधाला त्या हेच म्हणायच्या. दूध ऐकायचं नाही, बाकीचे बहुतेक ऐकायचे.

त्यांचे नियम थोडे होते, पण मोडायची सोय नव्हती. डाळ शिजायला लागली की पेन टेकवायचं आणि शिट्ट्या पुऱ्या होईपर्यंत उचलायचं नाही. खोडायचं नाही. मागे वळून वाचायचं नाही. चंद्र, पाऊस आणि आईचे डोळे या तिन्हींना कायमची बंदी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, काही सुचेनासं झालं की शेवटचं वाक्य पुन्हा लिहायचं. पुन्हा सुचलं नाही, तर परत तेच. "गाडी चढावर अडली की काय करतो आपन? ढकलत ऱ्हातो. खाली उतरून गाणी म्हणत न्हाई."

पहिल्या दिवशी मी अर्धं पान 'मला काही सुचत नाही' असं लिहिलं. मग त्याच वाक्याचा इतका कंटाळा आला की पुढे आपोआप आलं, 'कारण बाई मागे उभ्या आहेत आणि त्यांच्या पदराला लसणाचा वास येतोय.' तिथून पुढे तिसऱ्या शिट्टीपर्यंत मी थांबलो नाही. गच्चीवरच्या शेंगा, त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली खार, खारीवर डोळा ठेवून बसलेल्या बाई. रविवारी ते जसंच्या तसं छापून आलं. संपादक म्हणाले, "आता कुठं तुला हात सापडला." हात सापडला नव्हता, कुकर सापडला होता, पण मी ते बोललो नाही.

कुकरच का, असं मी एकदा विचारलं. बाईंचे वडील गिरणीत होते. "आमच्या लहानपनी गिरणीच्या भोंग्यावर सगळं चालायचं. उठायचं भोंग्यावर, जेवायचं भोंग्यावर. घड्याळाकडं बगून काम करनारा मानूस दर मिन्टाला घड्याळच बगतो. भोंगा कसा, हुईल तवा हुईल. तवर काम करायचं. आता भोंगा ऱ्हायला न्हाई, मग शिट्टी."

बुधवारी खाली आणखी दोघं यायची. इरफानभाई रिक्षा चालवायचे. बाईंचे जुने विद्यार्थी. शाळेत असताना निबंधात नापास झाले होते आणि बाई म्हणायच्या, "त्याचा निबंध माझ्याकडं बाकी हाय." दुसरी श्रीलता. तिच्या घरी टॉवेलचे माग होते, घरात तेलुगू, आणि ती सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती. तिचं प्रत्येक लिखाण 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात' असं सुरू व्हायचं. बाईंनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं, "आज सकाळी जागतिकीकरणाच्या युगात तू काय खाल्लंस?"

"उप्पीट, बाई."

"मग उप्पीट लिव."

श्रीलता लिहायला लागली. तिची आई उप्पीटात कांदा घालते आणि वडील तो वेचून ताटाच्या कडेला ठेवतात. आई ते बघते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालते. वडील पुन्हा वेचतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दोघंही यावर एक अक्षर बोललेले नाहीत. हे वाचताना श्रीलतालाच हसू आवरेना आणि बाईंना तर ठसका लागला.

कुठल्या दिवशी काय शिजणार यावर आमचं भवितव्य असायचं. तुरीची डाळ म्हणजे दया. हरभरे म्हणजे मधलं. बाई कोणावर चिडलेल्या असल्या की हुलगे लावायच्या, तेही न भिजवता, आणि त्याला किती शिट्ट्या लागतील ते सांगायच्या नाहीत. दारातून आत शिरताना इरफानभाई मला हळूच विचारायचे, "भाई, आज क्या चढाये?" मी 'हुलगे' म्हटलं की ते कपाळाला हात लावायचे.

त्यांनी एकदा चलाखी केली. पाणी प्यायला आत जाऊन गॅस मोठा केला. शिट्ट्या भराभर झाल्या, डाळ बुडाला लागली. बाईंनी काही विचारलं नाही. जेवताना इरफानभाईंच्या ताटात नेमकी तळाची डाळ पडली. "खावा की. मोठ्या आचंवरची हाय."

इरफानभाईंना पहिले कित्येक आठवडे एकच सुचायचं. 'सवारी बैठी. सवारी उतरी. सवारी बैठी. सवारी उतरी.' पानंच्या पानं. ते वाचायला लागले की श्रीलता ओढणीत तोंड लपवायची. बाई मात्र दर वेळी पूर्ण ऐकायच्या. एका बुधवारी हुलग्यांच्या कितव्या तरी शिट्टीला त्या रांगेतून अचानक निराळंच वाक्य बाहेर आलं. 'एक सवारी पीछे बैठके रोरी थी. मैं आरसा फिरा दिया.' वाचून झाल्यावर इरफानभाईंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. बाईंनी त्यांच्या ताटात पापड वाढला, पहिला आणि अख्खा. मला आठवतं, त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला होता.

आणि एकदा गॅस संपला. आत कुकर थंड पडला होता, आणि बाहेर आम्ही तिघं लिहीत होतो. बाई दारात कुणाशी तरी बोलत होत्या. शिट्टी झाल्याशिवाय पेन उचलायचं नाही म्हणजे नाही, म्हणून कोणी आत जाऊन बघितलंही नाही. श्रीलताचे कागद संपले तेव्हा ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहू लागली. इरफानभाईंची ठरलेली सवारी स्टेशनवर त्यांची वाट बघून दुसऱ्या रिक्षाने गेली. मी तर मोडनिंबच्या घरातली सगळी माणसं संपवून गुरांपर्यंत पोचलो होतो. बाई आत आल्या, आमच्याकडे बघितलं, कुकरला हात लावला आणि पोट धरून हसत खालीच बसल्या. "अरे, देवानं आता बास म्हनलं तरी तुमी शिट्टीची वाट बगशीला की!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गच्चीच्या जिन्यावरून घसरल्या. पायाला प्लास्टर आलं, आणि पुण्याहून महेश आला.

महेश त्यांचा एकुलता एक मुलगा. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, बायकोही नोकरीला, मुलगी परी शाळेत. तो वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं, पण तो चांगला होता. प्लास्टर असेपर्यंत सुट्टी काढून राहिला, आईची वेणी घालायला शिकला, माझ्या खोलीतला नळ दुरुस्त केला. जाताना त्याने पुढच्या खोलीत एक नवी कोरी निळी बॅग आणून ठेवली, चाकांची, माणूस मावेल एवढी.

"आई, थोडं थोडं भरून ठेव. गड्ड्याची जत्रा झाली की मी न्यायला येतो. तिकडं लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहे. इथं तू परत पडलीस तर मला कळायलाही दिवस जाईल."

"व्हय," बाई म्हणाल्या.

मी चाटच पडलो. या बाईंनी महानगरपालिकेच्या माणसाला 'आधी नीट मराठीत नोटीस लिवून आण' म्हणून परत पाठवलं होतं. आणि मुलापुढे नुसतं 'व्हय'? तो गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

"न्हाई."

"मग सांगायचं ना तसं."

बाईंनी बॅग जरा भिंतीकडे सरकवली. "त्याचे वडील गेले तवा हे पोरगं चौथीत हुतं. तवापासनं त्यानं माझ्याकडं कायबी मागितलं न्हाई. सायकल न्हाई, सहल न्हाई. समद्या जन्मात आता एक गोष्ट मागतोय. त्याला न्हाई कुटल्या तोंडानं म्हनू?"

बॅग तशीच रिकामी पडून राहिली. बाई तिला वळसा घालून ये-जा करायच्या. गड्डा जवळ आला तशा त्या वर्गात लक्ष देईनाशा झाल्या. एकदा इरफानभाईंनी दोन ओळी खोडल्या, तेही त्यांना दिसलं नाही. श्रीलता मला जिन्यात म्हणाली, "अय्यो, बाई ओरडतच नाहीत हो. कसंतरी होतं." खरं सांगायचं तर आम्हा तिघांना काळजी होती ती स्वतःचीच. बाई गेल्या तर बुधवारी आम्ही जायचं कुठं?

महेश आला तो नेमका बुधवारी. गाडी दारात, बॅग तशीच कोरी. तो काही बोलणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी निघू. आज शेवटचा बुधवार हाय. तूबी बस."

"मी? आई, मला कुठं लिहिता येतं?"

"सुम्न कुंद्रु."

चौदाव्या मजल्यावरचा माणूस मुकाट्याने सतरंजीवर बसला. बाईंनी सगळ्यांना कागद दिले. त्या कधी विषय द्यायच्या नाहीत, पण त्या दिवशी मुलाला दिला. "पुण्यातला माझा पयला दिवस. सकाळपासनं लिव. मी तिकडं काय काय करीन ते. अडलास तर नियम म्हाईत हाय न्हवं?"

"शेवटचं वाक्य परत लिहायचं," महेश हसून म्हणाला.

"आनि शिट्टी हुईस्तोवर थांबायचं न्हाई."

बाई आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. महेश झरझर लिहायला लागला. ऑफिसात बसून अहवाल लिहिणारा माणूस, त्याला काय अवघड? पहिलं पान भर्रकन भरलं. दुसऱ्यावर त्याचा वेग मंदावला. मग तो सारखा आतल्या दाराकडे बघायला लागला. आतून वाफेचा आवाज येत होता, पण शिट्टी काही होत नव्हती. श्रीलताने हात झटकला. इरफानभाईंनी माझ्याकडे बघून ओठ हलवले, "हुलगे?" मला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी मी नियम मोडला आणि पाण्याच्या निमित्ताने आत गेलो.

बाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. गॅसवर कुकर फुसफुसत होता, झाकणाच्या टोकावरून वाफेची सरळ दोरी वर जात होती. त्याच्यावर शिट्टीच नव्हती. शिट्टी मिसळणाच्या डब्यात होती, मोहरी आणि हळदीच्या मधोमध. मी डब्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि लसणाची पाकळी माझ्या दिशेने हलवली, जा बाहेर म्हणून. मी पाणी न पिताच बाहेर आलो. हसू दाबताना माझे गाल दुखायला लागले.

बऱ्याच वेळाने महेशने पेन खाली ठेवलं. "आई, मला नाही जमत आता. शिट्टी होऊ दे नाहीतर न होऊ दे."

बाई हात पुसत बाहेर आल्या. "वाच."

त्याने वाचायला सुरुवात केली. सकाळी आई उठेल. आई चहा घेईल. आम्ही दोघं ऑफिसला जाऊ, परी शाळेत जाईल. स्वयंपाकाच्या मावशी येऊन करून जातील, आईला काही करावं लागणार नाही. मग आई खाली बागेत एक फेरी मारेल. मग वर येईल. मग आई बसेल.

इथे तो थांबला. आम्हाला वाटलं, संपलं. पण हातात अजून पान होतं.

"पुढं," बाई म्हणाल्या.

"मग आई बसेल," महेशने वाचलं. "मग आई बसेल. मग आई बसेल." तो खालच्या आवाजात वाचत राहिला. पान उलटलं, पलीकडेही तेच होतं. श्रीलताने या वेळी ओढणी तोंडाला लावली नाही. अगदी तळाशी एक ओळ निराळी होती. ती वाचायला त्याला वेळ लागला. "मग मी रात्री घरी येईन, तेव्हा आई बसलेली असेल."

त्याने कागद मांडीवर ठेवला. इरफानभाई खिडकीबाहेर स्वतःच्या रिक्षाकडे बघू लागले.

"बाळा," बाई म्हणाल्या, "जलमभर दुनियेला मी कुंद्रु म्हनत आले. मला कुंद्रु म्हननारा तूच पयला बग." हे त्या हसत बोलल्या खऱ्या, पण पदर डोळ्यांकडे गेला होता.

महेशने नाक ओढलं. "पण तुझा पाय, आई?"

"जिन्याला कठडा लाव की. इंजिनियर न्हाईस का तू?"

"आणि परत पडलीस तर?"

"वर मोडनिंब हाय. दारात रिक्षा हाय. ही पोरगी दर दोन घटकांनी फोन करती. पडायलासुद्धा ही मानसं मला एकटी सोडत न्हाईत." मग त्यांनी त्याच्या मांडीवरचा कागद उचलला. "तू पयल्यांदा कायतरी मागितलंस, आनि मी न्हाई म्हनतीया. राग येत आसंल तर ये. पर मला हितंच ऱ्हाऊ दे."

हे त्या मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. महेशने मान डोलावली. आम्ही तिघांनी एकदमच श्वास सोडला आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

"शिट्टी कधी होणार गं पण?" डोळे पुसत त्याने विचारलं. "काय लावलंयस तरी काय?"

बाई आत गेल्या, डब्यातली शिट्टी काढली, फुंकर मारून तिची हळद उडवली आणि कुकरवर बसवली. थोड्याच वेळात ती अशी किंचाळली की श्रीलता दचकली. महेश आत धावला. वाफ जिरल्यावर त्याने झाकण काढून वाकून बघितलं. कुकरात नुसतं पाणी होतं.

"आई! मग जेवायला?"

"पिठलं-भाकरी केलीया दुपारीच. टोपलीखाली झाकून ठेवलीया. तुझं लिवून व्हायची वाट बगत हुते." मग माझ्याकडे वळून, "तू काय दात काढतुयास? ताटं घे."

महेश आणखी दोन दिवस राहिला. जिन्याला कठडा बसवला. तो जरा वाकडा आहे, बाई तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मी पुढे नोकरीसाठी सोलापूर सोडलं. वरती आता सांगोला राहतो आणि तो, फोनवर कळलं त्याप्रमाणे, 'बरा हाय पर लई चंद्र लिवतो'. मध्ये एका बुधवारी मी न सांगता गेलो. सतरंजीवर कागद घेऊन बसलो तेव्हा आतून खर्र खर्र असा आवाज आला. बाई ती निळी बॅग ओढत गॅसजवळ नेत होत्या. चाकं आहेत म्हणून त्यांना ती केर काढताना फार सोयीची पडते असं त्या म्हणाल्या, आणि चेन उघडून त्यातून दोन मुठी हुलगे काढून त्यांनी कुकरात टाकले.